जमिनीवरचा सारथी आणि आकाशांतला सारथी

आपल्या सुशिक्षित घरांतून मुलांच्या भवितव्याची चर्चा निघाली म्हणजे 'वैमानिक' हा शब्द मोठ्या कौतुकानें उच्चारला जातो. एखाद्या नातलगाचा मुलगा विमान चालवितो असें कळलें कीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांस अभिमान वाटतो, आणि हळदीकुंकवाच्या बैठकींत ती वार्ता चार घरें फिरून येते. परंतु तोच मुलगा उद्यां 'मी लॉरी चालविणार' असें म्हणाला तर घरांत काय प्रसंग उद्भवेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. वास्तविक दोघेही यंत्र चालवितात, रात्रीबेरात्रीं घराबाहेर असतात, आणि दोघांच्याही हातीं दुसऱ्यांचें जीवित व वित्त सोंपविलेलें असतें. असें असून एकाच्या वाट्यास मान आणि दुसऱ्याच्या वाट्यास बहुधा शिवी यावी, याचें कारण कामाच्या अवघडपणांत आहे कीं अन्य कशांत आहे, याचा विचार करण्याचें या लेखांत योजिलें आहे.

विद्या व परवाना

प्रथम शिक्षणाची बाजू पाहूं. आपल्या देशांत धंदेवाईक वैमानिकाचा परवाना मिळविण्यास वयाचीं अठरा वर्षें पुरीं व्हावीं लागतात. भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेऊन बारावीची परीक्षा उत्तीर्ण व्हावें लागतें. हवामान, मार्गदर्शनशास्त्र, विमानविषयक नियम इत्यादि विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. आणि दोनशें तासांचें उड्डाण पदरीं असावें लागतें. मोठ्या प्रवासी विमानाचा मुख्य वैमानिक होण्यास याच्याही वरचा परवाना लागतो, व त्यासाठीं पंधराशें तास उडावें लागतें. एवढें करूनही तो मोकळा होत नाहीं. दरवर्षीं त्याची वैद्यकीय तपासणी होते, साठी उलटल्यावर ती दर सहा महिन्यांनीं होते. शिवाय वर्षांतून दोनदां त्यास सिम्युलेटर नांवाच्या बनावट विमानांत बसवून कसोटीस लावतात. ऐन उड्डाणाच्या क्षणीं एक इंजिन बंद पाडावयाचें, कोठें आग लागल्याची सूचना द्यावयाची, आणि अशा वेळीं हा गृहस्थ काय करतो तें पाहावयाचें, असा तो प्रकार असतो. हीं संकटें त्याच्यावर प्रत्यक्षांत बहुधा कधींच येत नाहींत. तथापि तीं कशीं निवारावीं याची उजळणी मात्र त्याच्याकडून जन्मभर करवून घेतली जाते.

आतां लॉरीवाल्याकडे वळूं. माल वाहणाऱ्या मोटारीच्या परवान्यास वय वीस वर्षांचें हवें आणि त्यापूर्वीं निदान एक वर्ष हलक्या मोटारीचा परवाना जवळ असावा, असा कायदा आहे. इयत्ता आठवीची जी अट होती ती २०१९ सालीं काढून टाकण्यांत आली. हा परवाना पांच वर्षें चालतो. त्याचें खरें शिक्षण सरकारी कचेरींत होत नाहीं. तें क्लीनरच्या जागेवर होतें. टायरवर पान्याचा ठोका देऊन आवाजावरून आंतली हवा ओळखावयाची, ताडपत्री व दोरखंड आवळावयाचे, चढावर गाडी थांबली कीं धांवत जाऊन चाकाखालीं दगड लावावयाचा, आणि गाडी मागें घेतांना 'आन दे, आन दे' म्हणून ओरडावयाचें, हा त्याचा अभ्यासक्रम. उस्तादाच्या शेजारीं बसून डोळ्यांनीं जेवढें टिपतां येईल तेवढी विद्या त्याला मिळते. ही विद्या कमी दर्जाची असें कोणीं समजूं नये. परंतु ती मिळणें न मिळणें बरेंचसें दैवावर अवलंबून असतें. उस्ताद चांगला भेटला तर शिष्य तरतो. वाईट भेटला तर त्याच्या खोडीही शिष्य तितक्याच निष्ठेनें उचलतो. तेव्हां विद्येच्या बाबतींत वैमानिकाचें पारडें जड आहे, हें निःशंकपणें मान्य केलें पाहिजे.

वेग, वजन व अंतर

आपल्याकडे नेहमीं दिसणारें एअरबस ए-३२० जातीचें विमान पुरतें भरलें म्हणजे सुमारें अठ्याहत्तर टन वजनाचें होतें, आणि जमीन सोडतांना त्याचा वेग ताशीं अडीचशें किलोमीटरांच्या आसपास असतो. धांवपट्टीवर धांवतांना एक ठराविक वेग असा येतो कीं त्याच्या अलीकडे विमान थांबवितां येतें, पलीकडे गेल्यावर कांहींही झालें तरी उडालेंच पाहिजे. तो निर्णय करण्यास वैमानिकास एखाददुसरा क्षण मिळतो. उतरण्याची वेळही तशीच कठीण. जुलै महिन्यांत मुंबईवर ढग दाटलेले, वारा आडवा, धांवपट्टी भिजलेली, अशा वेळीं शेकडों जीव पाठीशीं घेऊन खालीं येणें हें येऱ्यागबाळ्याचें काम नव्हे. शिवाय लॉरीप्रमाणें 'जरा बाजूला घेऊन थांबतों' असें आकाशांत म्हणतां येत नाहीं.

हें सर्व खरें. परंतु एकदां तीस-पस्तीस हजार फुटांवर गेल्यानंतर चित्र पालटतें. विमान आपोआप सरळ ठेवणारें यंत्र कांहीं आजचें नव्हे. लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकन गृहस्थानें १९१४ सालीं पॅरिसजवळ दोन्ही हात वर करून विमान चालत असल्याचें हजारों लोकांस दाखविलें होतें. आज त्याच यंत्राचे वंशज मार्गाचा बहुतेक भाग सांभाळतात. शेजारून जाणारें दुसरें विमान वरच्या किंवा खालच्या बाजूस सामान्यतः हजार फूट दूर ठेवलेलें असतें, आडव्या अंतरांत तर कित्येक मैल. जमिनीवरील नियंत्रक त्याच्यावर नजर ठेवून असतो. वैमानिकाचें काम या वेळीं देखरेखीचें असतें.

लॉरीवाल्यास असा विसावा एका मिनिटाचाही नसतो. ताशीं साठ किलोमीटरांच्या वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर जाते. दहा चाकांच्या गाडीस मालासह साडेअठ्ठावीस टनांपर्यंत वजनाची परवानगी २०१८ पासून आहे. एवढें ओझें घेऊन तो निघालेला असतांना समोरची गाडी हातभर अंतरावरून निघून जाते. मध्येंच म्हैस आडवी येते. दुचाकीवर नवरा, बायको व दोन मुलें उलट दिशेनें येतात. दिवा नसलेला ट्रॅक्टर अंधारांतून अकस्मात् प्रकट होतो. यांपैकीं कोणाचीही आगाऊ सूचना त्यास मिळत नाहीं. तीन सेकंद डोळा लागला तर पन्नास मीटर रस्ता त्यानें आंधळ्यासारखा कापलेला असतो. विमानाचा वैमानिक थोडीं मिनिटें अत्यंत कठीण काम करतो; लॉरीवाला मध्यम कठीण काम तासचे तास अखंड करतो. थकव्याच्या दृष्टीनें पाहिलें तर दुसरा प्रकार शरीरास अधिक झिजविणारा आहे.

घाटाचा उतार हें याचें उत्तम उदाहरण. लोणावळें समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट उंच आहे व खोपोली अगदीं पायथ्याशीं. भरलेली लॉरी बोरघाट उतरूं लागली कीं तिचें वजनच तिला पुढें ढकलतें. गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवून इंजिनाच्या अटकावानें उतरावी, ही योग्य रीत. पण डिझेल वांचविण्यासाठीं कांहीं चालक गाडी न्यूट्रलमध्यें सोडतात. मग सारा भार ब्रेकांवर पडतो, ब्रेकांचे ड्रम तापतात, तापल्यावर त्यांची पकड सुटूं लागते, आणि पुन्हां पुन्हां पाय दाबल्यानें ब्रेकांतील हवेचा दाबही उतरतो. शेवटीं पाय दाबूनही गाडी ऐकत नाहीं. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत 'चालकाचा ताबा सुटला' एवढी एक ओळ येते.

जेव्हां वैमानिकही एकटाच होता

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. वैमानिकाचें हें व्यवस्थेनें वेढलेलें जीवन जन्मजात नाहीं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या लहानशा पस् मॉथ विमानांत एकटेच निघाले, अहमदाबादेस उतरले, आणि मुंबईस जुहूच्या मैदानावर आले. अहमदाबादेस त्यांच्या विमानाचें पेट्रोल बैलगाडींतून आणलें होतें असें सांगतात. वाट दाखविणारा रेडिओ नव्हता, जमिनीवर नियंत्रक नव्हता. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, म्हणून मुक्काम पुण्यास हलवावा लागे. म्हणजे माल नेणारा, एकटा, हवापाण्यावर विसंबलेला असा तो आकाशांतला लॉरीवालाच होता म्हणावयाचा!

मग मधल्या काळांत झालें काय? झालें इतकेंच कीं प्रत्येक अपघातानंतर विमानाच्या जगानें कांहींतरी शिकून तें कागदावर उतरविलें. ३० ऑक्टोबर १९३५ रोजीं अमेरिकेंत डेटन येथें बोइंग कंपनीचें चार इंजिनांचें नवें युद्धविमान चांचणीच्या वेळीं कोसळलें. चालविणारे निष्णात होते. परंतु विमान उभें असतांना वाऱ्यानें शेपटीचे भाग हलूं नयेत म्हणून जी खीळ लावतात ती काढावयाची राहून गेली होती. 'यापुढें अधिक हुशार माणूस नेमा' असें म्हणून तो विषय सोडला नाहीं. उड्डाणापूर्वीं काय काय पाहावयाचें याची यादीच केली, व ती वाचल्याविना निघावयाचें नाहीं असा प्रघात पडला. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं चरखी दादरीवर दोन विमानें हवेंत आदळून ३४९ माणसें गेलीं. त्यानंतर टक्कर टाळण्याची सूचना देणारें यंत्र विमानांत सक्तीचें झालें.

शेजारीं बसलेला माणूस

२७ मार्च १९७७ रोजीं टेनेरीफ बेटावर धुक्यांत दोन प्रचंड विमानें धांवपट्टीवर एकमेकांवर आदळून ५८३ माणसें मृत्यु पावलीं. ज्या विमानानें परवानगीवांचून धांव घेतली त्याचा मुख्य वैमानिक मोठा अनुभवी व मानकरी होता. त्याच्या पाठीमागें बसलेल्या यंत्रज्ञानें 'समोरचें विमान अजून बाजूस झालें नाहीं काय?' अशा आशयाची शंका काढली होती. वडीलपणाच्या भारानें ती दबून गेली. तेव्हांपासून वैमानिकांस असें शिकवूं लागले कीं, धाकट्यानें निःसंकोच बोलावें आणि थोरल्यानें तें ऐकावें. आपल्या एकत्र कुटुंबांनींही हा धडा घेण्यासारखा आहे, असें म्हटल्यास वडील मंडळींनीं रागावूं नये! सारथी व रथी यांचें मन एक नसेल तर काय होतें, हें शल्यानें कर्णाच्या रथावर बसून आपणांस पूर्वींच दाखवून ठेविलें आहे.

लॉरींत शेजारीं कोण असतो? बहुधा अर्ध्या वयाचा क्लीनर, तोही थकलेला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत असा नियम पूर्वीं होता. २०१८ सालीं तोही काढून टाकण्यांत आला. तेव्हां एकाच्या डोळ्यावर झांपड आली तर दुसऱ्यानें चाक हातीं घ्यावें, ही सोय आतां मालकाच्या मर्जीची राहिली.

झोंपेचा हिशेब

आमच्या मतें या तुलनेचें मर्म झोंपेंत आहे. वैमानिकानें किती तास उडावें, किती वेळां उतरावें, मध्यें किती विश्रांति घ्यावी, हें नियमांनीं बांधलेलें असतें. जानेवारी २०२४ मध्यें जाहीर झालेल्या नियमांनीं आठवड्याची सलग विश्रांति छत्तीस तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर नेली आणि रात्रींच्या कामांत दोनांहून अधिक वेळां उतरूं नये असें ठरविलें. डिसेंबर २०२५ मध्यें या नियमांपुरते वैमानिक सिद्ध न ठेवल्यामुळें देशांतील सर्वांत मोठ्या विमान कंपनीचीं पुष्कळ उड्डाणें रद्द झालीं, लोकांचे हाल झाले, आणि सरकारनें कांहीं सवलती तात्पुरत्या दिल्या. तो त्रास ज्यांना झाला त्यांचा संताप स्वाभाविक होता. पण वैमानिकाची झोंप हा सबंध देशाच्या चर्चेचा विषय होऊं शकतो, हें त्यावरून दिसून आलें.

लॉरीवाल्यासाठीं कायदा नाहीं असें नव्हे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत अमलांत असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यांत दिवसास आठ तास, आठवड्यास अठ्ठेचाळीस तास, आणि पांच तासांच्या आंत निदान अर्ध्या तासाची विश्रांति, असें स्वच्छ लिहिलेलें होतें. परंतु तो कायदा पांच अथवा अधिक कामगार असलेल्या संस्थांस लागू होता. आणि आपल्याकडे एकदोन गाड्यांचे मालक असंख्य आहेत. शिवाय चालकाचें उत्पन्न पुष्कळदां खेपेवर ठरतें. दिवसा कारखान्याच्या फाटकाशीं माल भरण्याची वाट पाहत ताटकळावयाचें, शहरांत जड गाड्यांस दिवसा बंदी म्हणून रात्र होईपर्यंत थांबावयाचें, आणि मग पहाटेपर्यंत गाडी हांकावयाची, असा त्याचा क्रम. दिवसाचा तो वेळ झोंपेचाही नसतो व कामाचा म्हणून कोणी मोजीतही नाहीं. मध्यरात्रीनंतर दोनपासून सहापर्यंतचा काळ शरीर स्वभावतःच मंदावण्याचा. नेमका तोच त्याच्या धांवण्याचा असतो.

१९९७ सालीं डॉसन व रीड या ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, सतरा तास जागलेल्या माणसाच्या हातून जसें काम होतें तें रक्तांत शेंकडा ०.०५ मद्य असलेल्या माणसाच्या कामाइतकेंच उतरलेलें असतें. आपला कायदा चालकाच्या रक्तांत शेंकडा ०.०३ हून अधिक मद्य सांपडल्यास त्यास शिक्षा करतो, आणि तें योग्यच आहे. पण मद्याच्या थेंबासही न शिवलेला, सतरा तास जागलेला चालक मात्र निर्वेधपणें पुढें जातो. त्याचा श्वास तपासून कांहीं कळत नाहीं.

चूक झाल्यावर

७ ऑगस्ट २०२० रोजीं कोझिकोड येथें पठारावरील धांवपट्टीवर पावसांत उतरतांना विमान पुढें घसरून दरींत गेलें व दोन्ही वैमानिकांसह एकवीस माणसें मरण पावलीं. चौकशीचा सविस्तर अहवाल पुढील वर्षीं प्रसिद्ध झाला. मुख्य वैमानिकाच्या चुका त्यांत आडपडदा न ठेवतां लिहिल्या आहेत. पण त्याच्या बाजूच्या कांचेवरील वायपर नीट चालत नव्हता हेंही लिहिलें आहे, आणि कंपनीच्या व्यवस्थेंतील दोषांचा वाटाही दृष्टिआड करतां येणार नाहीं असें म्हटलें आहे. विमान-अपघाताच्या चौकशीचा हेतु दोष देणें हा नसून पुढचा अपघात टाळणें हा आहे, हें तत्त्व सर्व राष्ट्रांनीं मान्य केलेलें आहे.

२०२२ या एका वर्षांत भारतांत ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले व १,६८,४९१ माणसें मेलीं. यांपैकीं किती अपघातांचा असा अहवाल निघाला? पोलिसांत नोंद होते, चालक सांपडला तर पकडला जातो, विम्याचा दावा चालतो. गाडींत किती माल होता, ब्रेक शेवटीं केव्हां पाहिले होते, चालक किती तास जागा होता, पोंचण्याची वेळ कोणीं ठरविली होती, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहींत. त्यामुळें त्याच घाटांत, त्याच वळणावर, तोच अपघात पुन्हां होतो.

आपण काय करावें

यावरून निष्कर्ष असा निघतो कीं, वैमानिकाचें काम अधिक विद्येचें आहे व त्यास मिळणारा मान अस्थानीं नाहीं. परंतु तो एकट्याच्या गुणांवर सुरक्षित राहत नाहीं; त्याच्या मागें यादी आहे, सोबती आहे, विश्रांतीचा नियम आहे, आणि चुकीपासून शिकणारी संस्था आहे. लॉरीवाल्यापाशीं यांपैकीं फारच थोडें आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या चालककक्षांत थंड हवेचें यंत्र सक्तीचें झालें आहे, ही चांगली सुरवात म्हणावयाची. पण थंड हवा ही झोंपेची जागा भरून काढूं शकत नाहीं.

'आम्ही यांत काय करणार?' असें वाचक विचारतील. आपल्याच घरांतील माणसें कारखान्यांत व्यवस्थापक आहेत, कचेऱ्यांत अधिकारी आहेत, दुकानदार आहेत, अभियंते आहेत. माल अमुक वाजतां पोंचलाच पाहिजे अशी चिठ्ठी त्यांच्याच सहीनें निघते. ती लिहितांना मध्यें आठ तासांची झोंप बसते कीं नाहीं, एवढा हिशेब करावा. फाटकाबाहेर थांबलेल्या चालकास अंग धुण्यास पाणी व आडवें होण्यास सावली द्यावी. गाडी भरण्याची वेळ ठरवून तीच पाळावी. उतारावर गिअर, ब्रेक, टायर यांची दहा ओळींची यादी छापून चालकाच्या हातीं देण्यास फार खर्च येत नाहीं. ज्या गृहिणींच्या दारीं सामान घेऊन गाडी येते त्यांनीं 'चहा घेतां का?' याच्याबरोबर 'रात्रीं झोंप झाली का?' असेंही विचारावें. आणि ज्याला 'अरे' म्हणण्याची संवय जडली आहे त्याला 'अहो' म्हणून पाहावें.

जयद्रथवधाच्या दिवसाची कथा आपल्या घरांतील मुलांसही ठाऊक असेल. सूर्य मावळण्याच्या आंत प्रतिज्ञा पुरी करावयाची होती. याहून कडक मुदत कोणत्याही व्यापाऱ्यानें कोणास घातली नसेल. तरीही घोडे थकलेले व बाणांनीं विंधलेले पाहून श्रीकृष्णानें भर रणांगणांत ते सोडले, त्यांच्या अंगांतील बाण काढले, त्यांस पाणी पाजलें, आणि ते ताजे झाल्यावर रथ पुन्हां जोडला. अर्जुन त्या वेळेपुरता पायउतार होऊन लढत राहिला. प्रतिज्ञा सूर्यास्तापूर्वीं पुरी झाली. भगवंतांनीं घोड्यांस जी विश्रांति दिली, ती आपण माणसांस द्यावयास काय हरकत आहे?